सापडलेले मूल कोणाचे?

सज्जनहो, आमच्या दारव्ह्याच्या बाजारात एखादे चुकलेले पोर रडताना दिसले, तर आपला माळकरी काय करील? घरी नेईल, पोटभर भाकरी घालील, दिंडीबरोबर ठेवून घेईल आणि म्हणेल, "पांडुरंगानंच धाडलं!" दया खरी. पण त्याच घटकेला कुठेतरी एक माय त्याला हुडकत उन्हात फिरते आहे. तिचे रडणे हिशेबात धरले, तर हे अन्नदान पुण्यात जमा होते काय?

सापडलेल्या वस्तूविषयी मनुस्मृती सरळ सांगते. धनी ठाऊक नसेल तर राजाने ती तीन वर्षे सांभाळावी. "माझी" म्हणणाऱ्याला तिचे रूप, संख्या विचारावी, मगच द्यावी. हंड्या-कळशीला एवढी चौकशी, मग लेकराला कमी का? २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे असे मूल सापडले की २४ तासांच्या आत पोलिसांना, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला किंवा १०९८ या फोनवर कळवावे लागते. न कळवणे हा अपराध आहे. हा फोन १९९६ साली मुंबईत सुरू झाला, आता देशभर चालतो. पैसे पडत नाहीत. पूर्वी "येईल दोन दिवसांनी" म्हणून आईबापांना चौकीवरून परत लावीत. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने बजावले, की तक्रार आली की गुन्हा नोंदवा, मूल पळवले असे धरूनच तपास करा.

पण हंड्याचा दृष्टान्त इथे तुटतो. हंड्याला मन नसते. पोर कधी कधी घरातूनच पळालेले असते. माराला भिऊन, नाहीतर घरातल्याच कोणाच्या पापी हातापासून. त्याला मुकाट्याने त्याच दारात नेऊन सोडणे ही कसली दया? म्हणून समिती त्या लेकरालाही विचारते. आणि असा अत्याचार कळूनही घराण्याची अब्रू म्हणून जो दडपतो, तो २०१२ च्या पॉक्सो कायद्याने दोषी ठरतो. कीर्तनात आम्ही हे काढले की काही मंडळी माना खाली घालतात. घालोत बापडी.

आईबापांनी देह टाकल्यावर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार पोरे उघड्यावर पडली. अब्रूदार गावाने त्यांना वाळीत टाकले, तेही शास्त्राच्या नावाने! त्यांच्याच पादुका आज आपण पालखीत मिरवतो.

असो. आषाढीला निघताना दिंडीचालकांनी प्रत्येक पोराच्या खिशात गावाचे नाव आणि फोन लिहून चिठ्ठी घालावी. वाळवंटात कोणाचे लेकरू सापडले, तर भाकरी जरूर द्यावी. पण एकाने भाकरी द्यावी आणि दुसऱ्याने तेवढ्यात चौकी गाठावी.