मानपत्राचा कर्ता

सरकारी चाकरीत मुलूखभर हिंडलेल्या आमच्यासारख्यांना 'हा मजकूर कोणाचा?' असा प्रश्न सहसा पडत नाही. टिपण साहाय्यक लिहितो, मसुदा दुसरा कोणी सुधारतो, सही वरिष्ठांची होते. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये, वेगळा करार नसल्यास, त्याचे प्रथम स्वामित्व सरकारकडे जाते. यात अन्याय झाला असे कोणास वाटल्याचे आम्हांस स्मरत नाही.

परंतु गेल्या महिन्यात आमच्या मंडळात एक पेच उद्भवला. निवृत्त होणाऱ्या एका स्नेह्यांना दिलेले मानपत्र कार्यवाहांनी चार ओळींची सूचना देऊन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहवून घेतले होते. भाषा रसाळ होती. टाळ्या पडल्या व त्या कार्यवाहांनी स्वीकारल्याही. पुढे ते स्मरणिकेत छापावयाचे ठरले, तेव्हा सत्कारमूर्तींनीच संकोचाने कळविले, की पूरग्रस्त गावात नावेतून धान्य नेल्याचा जो प्रसंग त्यात वर्णिला आहे, तो त्यांच्या आयुष्यात घडलाच नव्हता. कार्यवाह उद्गारले, "अहो, ते यंत्राने लिहिले!"

आपला कायदा येथे मुका नाही. १९९४ च्या दुरुस्तीनुसार संगणकनिर्मित वाङ्मयकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारण झालेली व्यक्ती. अमेरिकेत स्टीफन थेलर यांनी एका चित्राचे कर्तेपण आपल्या यंत्राच्या नावे नोंदवू पाहिले. तेथे २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने व २०२५ मध्ये अपील न्यायालयाने कर्ता मनुष्यच हवा, असे ठरविले. तथापि 'कारण होणे' म्हणजे काय? चार ओळींची सूचना देणारा कारण, की ज्यांच्या लेखनावर ते यंत्र पोसले गेले ते असंख्य लेखक? आपल्याला विचारले नाही, ही त्यांची तक्रार आम्हांस खोटी वाटत नाही. २०२४ मध्ये एका वृत्तसंस्थेने असाच वाद दिल्ली उच्च न्यायालयात नेला.

मालकीचा निवाडा न्यायालये करोत. आम्हांस कचेरीची जुनी रीत आठवते. सही करणाऱ्याने मसुदा लिहिलेला नसतो, हे सर्वांस ठाऊक असते. तरीही आकडा चुकला तर 'साहाय्यकाने लिहिले' हा खुलासा चालत नाही. सही म्हणजे आपण वाचले व तपासले, याची ग्वाही. (साहाय्यकाला निदान प्रकरण तरी ठाऊक असते!) ज्याने टाळ्या घेतल्या, त्याने ती नावही आपलीच म्हटली पाहिजे. केवळ गौरवापुरते कर्तेपण आम्हांस मान्य नाही.

कार्यवाहांनी आता स्वतः नवे मानपत्र लिहावयास घेतले आहे. ते तितके रसाळ उतरलेले नाही. मात्र त्यात आमच्या स्नेह्यांच्या डब्यातील थालीपिठाचा उल्लेख आहे, आणि ते आम्ही सर्वांनी खाल्ले आहे.