कराची पेटली तेव्हा मी टाळी वाजवली

8 मे 2025 ची रात्र. नेरूळातल्या आमच्या सिडकोच्या बिल्डिंगीत एकाही घरातला टीव्ही बंद नव्हता. पडद्यावर सायरन, लाल अक्षरं, आणि घसा फोडून सांगणारा माणूस. आपल्या नौदलाने म्हणे कराचीचं बंदर उद्ध्वस्त केलं. एक तर म्हणाला, इस्लामाबादही पडलं. मी टाळी वाजवली. मोबाइलवरून दहा जणांना बातमी पाठवली. मी, म्हणजे रोज बुद्धवंदना म्हणणारा, मोर्चात पुढे चालणारा कार्यकर्ता.

शेजारची मावशी दारात आली. तिचा पोरगा फौजेत, जम्मूकडे. म्हणाली, "एवढं सगळं जिंकलं म्हणतोस, मग माझं लेकरू फोन का उचलत नाही रे?"

मी गप्प.

सकाळी कळलं, कराची जागच्या जागी आहे. एकदोघांनी चूक कबूल केली, बाकीचे पुढच्या बातमीकडे वळले. 10 मे रोजी सरकारलाच वाहिन्यांना सांगावं लागलं, की कार्यक्रमात सायरन वाजवू नका, नाहीतर खरा भोंगा वाजेल तेव्हा लोक हलणार नाहीत. पूंछमध्ये 7 मे रोजी पाकिस्तानी तोफगोळ्याने एक मदरशाचे शिक्षक मेले. काही वाहिन्यांनी त्यांनाच अतिरेकी ठरवलं. ते खोटं आहे हे पोलिसांना सांगावं लागलं.

दोस्तहो, आमचा संताप खोटा नव्हता. 22 एप्रिलला पहलगामला 26 माणसं मारली गेली. त्यात डोंबिवलीची, पनवेलची माणसं होती. दुःख खरं होतं, म्हणूनच ते विकता आलं. विकणाऱ्याचा दोष उघड आहे. माझा प्रश्न विकत घेणाऱ्याचा आहे. फसलेला माणूस निर्दोष असतो का?

मला नाही वाटत. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत एका कुटुंबातली चार माणसं मारली. तेव्हा अनैतिक संबंधांची गोष्ट पसरली, छापूनही आली. आपण तिच्यावर विश्वास ठेवला नाही. गावात गेलो, विचारपूस केली, रस्त्यावर उतरलो. म्हणजे बातमी पारखायची अक्कल आपल्याकडे आहे. मग मरणारा दुसरा असला की ती अक्कल जाते कुठं?

आणि तो दुसरा तरी कोण? फाळणीनंतर पाकिस्तानने कराचीच्या सफाई कामगारांना आवश्यक सेवेच्या नावाखाली अडवून ठेवलं, भारतात येऊ दिलं नाही. शहराचा मैला उचलणार कोण, हा त्यांचा हिशेब. डिसेंबर 1947 मध्ये बाबासाहेबांनी अशा अडकलेल्या अस्पृश्यांसाठी नेहरूंना पत्र लिहिलं. आजही तिकडे झाडू बहुतेक खालच्या जातीच्या हिंदू-ख्रिस्ती माणसांच्याच हातात आहे. कराची पेटली म्हणून मी टाळी वाजवली, तेव्हा पेटणाऱ्यांत ते मला दिसले नाहीत.

देश राखू नये असं मी म्हणत नाही. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचाही रेटा होता. पण लढायचं की नाही हे खऱ्या माहितीवर ठरलं पाहिजे. कारण मरायला निवेदक जात नाही, मावशीचा पोरगा जातो.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये रोहिणीच्या पाण्यावरून शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव येतो. सिद्धार्थ एवढंच म्हणतो, आधी चौकशी करा, दोष आपलाही असेल. ठराव प्रचंड बहुमताने पास होतो. बहुमत मोठं होतं म्हणून सिद्धार्थ चुकीचा ठरला का? तो हात वर न करता घर सोडून गेला.

आपल्याला घर सोडायचं नाही. बोट थांबवायचं आहे, एवढंच. पुढची बातमी पाठवण्याआधी मावशीसारखा एक साधा प्रश्न विचारायचा. त्या रात्री मी तो विचारला नाही. हे कबूल करायला मला ही पानं लागली.

जय भीम.