रेशमाचा विधी आणि निषेध

देवापुढे उभे राहताना अंगावर रेशीम असावे की नसावे, या प्रश्नाची परस्परविरुद्ध उत्तरे हैदराबादच्या अफझलगंजात शेजारी-शेजारी नांदत आली आहेत. पाचवे निजाम अफझलउद्दौला (कारकीर्द १८५७–१८६९) यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांना जागा देऊन मुसी नदीच्या उत्तर काठावर हा बाजार वसवला. इथे मशीद आहे, लागून बेगम बाजारात मारवाडी-जैन पेढ्या आहेत आणि नयापूल ओलांडला की पत्थरगट्टीची कापडाची दुकाने लागतात. शहरातल्या जुन्या मराठी घरांत सोवळ्याचा पीतांबर वेगळा ठेवण्याची रीत होती.

इस्लामी परंपरेत पुरुषाला सोने आणि रेशीम वर्ज्य आहे, स्त्रीला दोन्हींची मुभा आहे. त्वचेच्या विकारासाठी सवलत मिळते, कपड्याला चार बोटे रुंदीची रेशमी किनारही चालते. निषेधाचा रोख माणसाच्या ऐटीवर आहे, असे बहुधा समजले जाते. पण मग कापसाबरोबर विणलेल्या रेशमाचे काय? बाराव्या शतकातील हनफी पंडित बुरहानुद्दीन मर्गिनानी यांच्या ‘हिदाया’ या धर्मशास्त्राच्या ग्रंथात याचा निवाडा आहे. ताणा रेशमाचा आणि बाणा दुसऱ्या धाग्याचा असेल तर ते वस्त्र पुरुषाने वापरायला हरकत नाही. कारण असे दिले आहे की, वस्त्राला वस्त्रपण येते ते विणण्याने, आणि विणणे होते बाण्याने. म्हणून निर्णय बाण्यावरून करायचा. नुसता ताणलेला ताणा म्हणजे सुटे धागेच असतात. वस्तू कशाची बनली आहे यापेक्षा ती कशामुळे ती वस्तू ठरली, हे इथे महत्त्वाचे मानले आहे.

मशरू या कापडाची वीण या निवाड्यात चपखल बसते. औरंगाबादेत हिमरूच्या जोडीने मशरूही विणले जाई. १९५६ पर्यंत ते शहर हैदराबाद राज्यातच होते. मशरूत रेशमी ताण्याचा एकेक धागा सुती बाण्याच्या अनेक धाग्यांवरून जाऊन मग एकाखाली दबतो. त्यामुळे दर्शनी बाजू सलग चकाकते, उलट्या बाजूला मऊ सूत लागते. बघणाऱ्याला रेशीम दिसते, नेसणाऱ्याच्या कातडीला कापूसच टेकतो. याला पळवाट म्हणण्याचा मोह अनेकांना होतो, तो अन्यायाचा आहे. नियम मोडायचा असता तर एवढ्या अवघड विणीचा खटाटोप कुणी केला नसता. तरीही एक शंका उरतेच : निषेध ऐटीचा असेल तर ऐट दर्शनी बाजूलाच असते, आणि तिथे तर रेशीमच आहे.

मराठी सोवळ्यात पारडे उलटे आहे. सुती धोतर धुऊन, कुणाचा स्पर्श होऊ न देता वाळवले तरच पूजेला चालते. रेशमी पीतांबर किंवा मुकटा रोज धुवावा लागत नाही. रेशीम आणि लोकर विटाळ सहजी धरत नाहीत, असे मानले गेले. इथे प्रश्न मिरवण्याचा नाही, स्पर्शाचा आहे. पण या शुद्धतेचे हिशेब वस्त्र हाती आल्यापासून सुरू होतात. त्याआधी कोशात काय घडले, हे त्यात येत नाही.

ते विचारले अहिंसेच्या परंपरेने. तुतीच्या रेशमाचा धागा अखंड निघावा म्हणून कोश वाफेत किंवा गरम पाण्यात घालतात आणि आतला जीव मरतो. कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनी भक्तांना रेशीम सोडायला सांगितले. जैनांतही पूजेच्या रेशमी वस्त्रांवरून वाद आहे. आंध्र प्रदेशाच्या हातमाग खात्यात काम केलेले हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी १९९०च्या दशकापासून यावर प्रयोग केले. पतंग कोश फोडून बाहेर पडू द्यायचा आणि मग रिकाम्या कोशाचे रेशीम कातायचे. धागा तुटलेला असल्याने तो उलगडता येत नाही, कापसासारखा पिंजून कातावा लागतो. कापडाला झळाळी कमी येते आणि किंमत चढते. फुटक्या कोशांचे मटका रेशीम बंगालात पूर्वीपासून होते, पण ते अंड्यांसाठी ठेवलेल्या कोशांचे उपउत्पादन होते. राजय्यांनी जीव वाचवणे हाच हेतू केला. कापडाच्या नव्या फॅशनमध्ये एवढे धाडस क्वचित दिसते, कारण इथे नवेपणा चकाकी वाढवण्यात नसून ती सोडण्यात आहे.

तरी हिशेब पुरता मिटत नाही. हजारो वर्षे माणसाने पाळलेला तुतीचा पतंग उडू शकत नाही, प्रौढावस्थेत खातही नाही. काही दिवसांत मरतो. मादी शेकडो अंडी घालते. त्यातून निघणाऱ्या सगळ्या अळ्या पोसायला तुतीचा पाला पुरणे शक्य नाही, म्हणजे काही जीव अंड्यात नाहीतर उपासमारीने जाणार. एरी रेशमाच्या किड्याचा कोश मुळात एका टोकाला उघडा असतो, त्यामुळे पतंगाला न मारता तो कातता येतो. मात्र ईशान्येतल्या अनेक घरांत एरीचा कोषकीटक आवडीने खाल्ला जातो, म्हणजे तिथेही मारणे आपोआप टळत नाही. हनफी निवाड्यात दोष नेसणाऱ्याकडे होता, सोवळ्यात स्पर्शाकडे. अहिंसेच्या प्रश्नात तो उत्पादनाच्या पहिल्या पायरीवर जातो, जिथे ना विणकराची करामत पोहोचते ना गृहिणीचे धुणे. त्यामुळे तिथला निर्णय कापड पाहून करता येत नाही, कोश कसा हाताळला ते ठाऊक असावे लागते.