मनगटावरची हाक

घड्याळाचे काम वेळ सांगण्याचे, असे आपण आजवर समजत आलो. परंतु स्वित्झर्लंडातील ब्राइटलिंग नामक कंपनीने १९९५ साली एक असे मनगटी घड्याळ विक्रीस काढले की, त्याच्या पोटात वेळ दाखविणाऱ्या यंत्राखेरीज एक चिमुकले बिनतारी यंत्रही बसविलेले होते. ते मुख्यत्वेकरून वैमानिकांसाठी होते. विमान कोसळले आणि मनुष्य रानात किंवा बर्फात एकटा जिवंत उरला, तर त्याने घड्याळाच्या कडेची टोपी फिरवून काढावी व आतील तार बाहेर ओढावी. म्हणजे त्याच्या संकटाचा इशारा आकाशात जाऊ लागे, आणि जवळपास उडणाऱ्या विमानांस तो ऐकू येई. २०१३ साली कंपनीने ह्या घड्याळाची सुधारलेली आवृत्ती पुढे आणली. तिचा इशारा उपग्रहांनाही पोहोचतो व चोवीस तास चालू राहतो. त्याची किंमत इतकी की, आमच्या वाचकांपैकी कोणाच्या मनगटावर ते येईल असा संभव नाही. तथापि त्या घड्याळाने जो प्रश्न उभा केला आहे, तो श्रीमंतांपुरता नाही. संकटात हाक मारण्याचा अधिकार मनुष्यास कशाने प्राप्त होतो, आणि ज्यांनी त्या हाकेस ओ द्यावयाची, त्यांचे तो काय देणे लागतो?

प्रथम ही हाक जाते कोठे, हे सांगणे अवश्य आहे. १९७९ साली अमेरिका, कॅनडा, फ्रान्स व सोव्हिएत रशिया ह्या चार राष्ट्रांनी एक करार करून कोस्पास-सारसॅट नावाची योजना उभारली. त्या काळी अमेरिका व रशिया परस्परांवर अण्वस्त्रे रोखून बसलेली होती, हे ध्यानात ठेवावे. जून १९८२ मध्ये रशियाने कॉसमॉस १३८३ हा उपग्रह सोडला; आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्या उपग्रहाने कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या डोंगरात पडलेल्या एका लहानशा विमानाचा इशारा टिपला. विमानातील तिघेही वाचले. रशियाच्या उपग्रहाने कॅनडाची माणसे शोधून दिली! त्या तिघांचे राजकीय मत काय, ते कोणत्या कामास निघाले होते, हे उपग्रहाने विचारले नाही. त्यास ते विचारताही येत नव्हते. तेव्हापासून आजवर ह्या योजनेच्या साहाय्याने पन्नास हजारांहून अधिक मनुष्ये वाचली आहेत. आपला देशही तीत सहभागी असून बंगळूर येथे तिचे नियंत्रण केंद्र आहे.

इशाऱ्यावरून ठिकाण कसे कळते, असे कोणी विचारील. आगगाडी जवळ येत असता तिची शिटी उंच स्वराची वाटते व गाडी पुढे निघून जाताच स्वर उतरतो, हे रुळाजवळ राहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्या पहिल्या काळातील उपग्रह वेगाने जात असता त्यास मिळणारा इशाराही असाच चढे व उतरे, आणि त्या फरकावरून गणित करून ठिकाण काढीत. असो.

आता ह्या योजनेतील दुखणे पाहू. आरंभीचे इशारे १२१.५ मेगाहर्ट्झ ह्या लहरीवर जात. त्यांत हाक मारणाऱ्याचे नावगाव काहीच नसे, आणि बहुतेक इशारे खोटे ठरत. कोठे विमान जमिनीवर जोराने आदळून उतरले, कोठे कोणी अडगळीत टाकलेले यंत्र आपोआप सुरू झाले; परंतु प्रत्येक वेळी कोणीतरी अंथरुणातून उठून शोधास निघावयाचेच. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण मुलांस सांगतो. पण त्या गोष्टीतील गावकरी तिसऱ्या वेळी घरीच बसले. ह्या लोकांस तेवढी मोकळीक नव्हती. अखेर १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी त्या लहरीवर कान देणे बंद केले. हल्लीच्या ४०६ मेगाहर्ट्झच्या इशाऱ्यात यंत्राचा क्रमांक असतो. मालकाने तो नोंदविलेला असल्यास त्याच्या घरी दूरध्वनी करून विचारता येते की, गृहस्थ खरोखरच संकटात आहेत, की यंत्र गाडीत विसरले आहेत.

घड्याळ विकतानाही कंपनी गिऱ्हाईकाकडून एक करारपत्र लिहून घेत असे: वृथा इशारा दिल्यास शोधाचा खर्च माझ्या शिरावर. ह्यावरूनच पुष्कळांस वाटते की, प्रश्न सुटला. ज्याने उगाच हाक मारली त्याने पैसे भरावेत, आणि जो मूर्खपणाने संकटात पडला त्यानेही भरावेत. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर संस्थानात तसा कायदाच आहे. निष्काळजीपणाने डोंगरात अडकलेल्यास सुटकेचा खर्च द्यावा लागतो. खोट्या हाकेबद्दल दंड असावा, ह्यात आमचेही दुमत नाही. पण खऱ्या संकटातील मूर्खाविषयी आम्हांस हे मत पटत नाही, व त्याचे एक कारण अगदी व्यवहाराचे आहे. खर्चाच्या भयाने मनुष्य हाक मारण्यास विलंब लावतो. दुपारी पाय मुरगळलेला तरुण रात्रीपर्यंत वाट पाहतो, आणि मग काळोखात, पावसात, निसरड्या कड्यावर त्यास शोधावे लागते. त्यात भर पडते ती शोधणाऱ्यांच्या जिवाच्या धोक्याची. आपल्याकडे लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ सारख्या मंडळींतील स्वयंसेवक सह्याद्रीच्या दऱ्यांत उतरतात, ते मजुरीसाठी नव्हे. त्यांच्या श्रमाचे मोल पावतीवर मांडले, तर पावती फाडणारा आपण ऋणमुक्त झालो असे समजेल. आणि हे समजणेच आम्हांस अधिक घातक वाटते.

दुसरे कारण असे की, दोष कोणाचा हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईनजीकच्या तेलक्षेत्रात पी-३०५ ही कामगारांची बार्ज बुडाली. तीवर २६१ माणसे होती. वादळाची सूचना आधी झालेली असूनही बार्ज समुद्रातच राहिली. आय.एन.एस. कोची इत्यादी नौदलाच्या जहाजांनी खवळलेल्या पाण्यातून, रात्रीच्या अंधारात, १८० हून अधिक जणांस बाहेर काढले. बाकीच्यांपैकी बहुतेकांची प्रेते मिळाली. आता सांगावे, जो रंगारी किंवा वेल्डर पोटासाठी त्या बार्जवर झोपत होता, त्यास कोणी विचारले होते काय? बार्ज किनाऱ्यास न्यावी की नाही, हे त्याच्या हाती नव्हते. आधी दोष मोजून मग दोर टाकावयाचा ठरविले, तर दोर हातातच राहील.

परंतु आता जो स्वखुशीने जातो, त्याचे काय? नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी ह्यांचे उदाहरण घेऊ. २०१२-१३ साली ते गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ ह्या शिडाच्या नौकेतून मुंबईहून निघून, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईस परतले. पुढे २०१८ साली ‘थुरिया’ नावाच्या, गोव्यातच बांधलेल्या नौकेतून ते अशाच एका शर्यतीत उतरले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौका उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली, आणि त्यांच्या पाठीच्या कण्यास अशी दुखापत झाली की, हलताही येईना. ऑस्ट्रेलियाचा किनारा तीन हजार किलोमीटरांहून दूर. त्यांनी इशारा दिला. ऑस्ट्रेलियातून व आपल्या नौदलाकडून विमाने गेली, जहाजे वळविण्यात आली; शर्यतीतील एक आयरिश प्रतिस्पर्धी, ज्याची स्वतःची डोलकाठी मोडली होती, तोही त्यांच्या दिशेने निघाला; आणि २४ सप्टेंबर रोजी फ्रान्सच्या मत्स्यविभागाच्या ‘ओसिरिस’ ह्या गस्तीच्या जहाजाने त्यांस उचलले. शर्यतीस जाण्याची त्यांस कोणी सक्ती केली नव्हती. मग ‘ओसिरिस’वरील खलाशांनी आपला जीव का धोक्यात घालावा?

ह्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते वेगळे करावे असे आम्हांस वाटते. ज्याच्या कानी हाक पडली, त्याने जावे. समुद्रावर हा शेजारधर्म फार पुरातन आहे, व आज तो राष्ट्रांच्या कायद्यातही आला आहे. त्याने अपराध तोलण्यास बसू नये. परंतु घरून निघणाऱ्याने मात्र निघण्यापूर्वी स्वतःस तोलावे. त्याने हाक मारण्याचे साधन विकत घेतले आहे. हाकेस धावणारी माणसे विकत घेतलेली नाहीत. म्हणून त्याने मनाशी एवढेच विचारावे: हे यंत्र मनगटावर नसते, तरी मी ह्या वाटेस गेलो असतो काय? गेलो असतो, तितकीच माझी तयारी आहे, असे ज्यास प्रामाणिकपणे म्हणता येते, त्याच्याकरिता यंत्र ही शेवटची आशा होय. पण ‘यंत्र आहे, मग काय भय’ असे म्हणून जो पाऊल टाकतो, त्याने अनोळखी मनुष्यांचे प्राण स्वतःच्या करमणुकीस जामीन ठेविले, आणि तेही त्यांस न विचारता.

१९६८ साली अशाच पहिल्या शर्यतीत नऊ जण निघाले होते, तेव्हा कोणापाशीही असे यंत्र नव्हते. एकच शेवटपर्यंत पोहोचला. टॉमी ह्यांची जात त्या लोकांची आहे. पाठीचा कणा शस्त्रक्रियेने सांधून घेऊन ते २०२२ साली पुन्हा त्याच शर्यतीत निघाले, आणि २०२३ च्या एप्रिलात दुसरे आले. ते पुन्हा गेले हे बरे की वाईट, ह्यावर आमच्या घरातही एकमत नाही. पत्नी व मुले असलेल्या मनुष्याने असे करू नये, असा एक पक्ष आहे, व तो हलका नव्हे.

कोकणातल्या कोळ्यास मात्र ही कसोटी लावणे म्हणजे क्रौर्य होईल. यंत्र असो वा नसो, तो जाणारच. घरी चूल आहे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आले, तेव्हा रत्नागिरी व सिंधुदुर्गाकडील कितीतरी होड्या समुद्रात होत्या, आणि कित्येक कुटुंबांतील माणसे परतली नाहीत. पुढल्याच वर्षापासून इस्रोने मच्छीमारांसाठी घडविलेले संकटसूचक यंत्र वापरात आले. आज अशी वीस हजारांहून अधिक यंत्रे होड्यांवर आहेत. ते काही चैनीचे घड्याळ नव्हे. पण पहिल्या यंत्रात एक उणीव होती. कळ दाबल्यावर हाक किनाऱ्यास पोहोचली की नाही, हे होडीवरच्या माणसास कळत नसे. तो काळोखात बसून राही. २०२४ च्या जानेवारीत त्याची जी सुधारलेली आवृत्ती देशास अर्पण झाली, तीत किनाऱ्यावरून उलट उत्तर येते की, तुझी हाक ऐकली.