जग दुःखमय आहे काय? ताओ विचाराचे उत्तर

पौर्वात्य धर्मांचा विषय निघाला की एक विधान हमखास कानी येते : पूर्वेकडचे सारे धर्म जगाला दुःखरूप मानतात आणि त्यातून सुटकेचा मार्ग शोधतात. भारतीय मनाला हे चटकन पटतेही. आपली मराठी भाषाच पाहा. ‘संसार’ हा शब्द आपण घरप्रपंचासाठी वापरतो. लेकीचा संसार सुखाचा होवो, असा आशीर्वाद देतो. मूळ संस्कृतात मात्र हाच शब्द जन्ममरणाच्या अखंड फेऱ्याचा वाचक आहे, आणि त्या फेऱ्यातून सुटणे हे अनेक भारतीय दर्शनांचे परम ध्येय आहे. चूल, पाळणा आणि भवचक्र ही एकाच शब्दात नांदत असल्यामुळे चीनमधील ताओ मतही असेच काही सांगत असणार, असे आपण गृहीत धरतो.

हे गृहीतक तपासून पाहावे, असे आम्ही योजिले आहे. प्रश्न केवळ पंडितांचा नाही. जग मुळातच दुःख आहे असे मानणारा माणूस आणि जगात दुःख आहे असे मानणारा माणूस, हे दोघे आजाऱ्याच्या उशाशी निरनिराळ्या मनाने बसतात. शोकाकुल घरात काय बोलावे आणि काय बोलू नये, हेही या उत्तरावर अवलंबून असते.

आधी तुलनेसाठी बौद्ध विचार घेऊ. भगवान बुद्धांच्या चार आर्यसत्यांपैकी पहिले सत्य दुःखाचे आहे. तेथे ‘दुःख’ म्हणजे केवळ वेदना नव्हे. जे जे अनित्य, ते ते अंती असमाधान देणारे, असा त्याचा व्यापक आशय आहे. ही शिकवण मध्य आशियातील व्यापारी मार्गांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये पोहोचली. चिनी अनुवादकांनी ‘दुःख’ या संज्ञेसाठी ‘खु’ हा शब्द निवडला. त्याचा साधा अर्थ ‘कडू’.

ताओ मताचे मूळ ग्रंथ मात्र त्याआधीचे आहेत. लाओ-त्से या ऋषीच्या नावावर असलेला ‘ताओ ते चिंग’ हा ८१ प्रकरणांचा लहानसा ग्रंथ आहे. हूपेइ प्रांतातील क्वोत्यन येथे १९९३ साली एका प्राचीन थडग्यात बांबूच्या पट्ट्या सापडल्या. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या त्या पट्ट्यांवर या ग्रंथाचे काही भाग लिहिलेले आहेत. दुसरा ग्रंथ च्वांग-त्से याच्या नावाचा. हा तत्त्वज्ञ इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेला. या दोन्ही ग्रंथांत कर्मानुसार पुनर्जन्म आणि त्यापासून मोक्ष, ही भारतीय चौकट नाही. जेथे फेराच नाही, तेथे फेऱ्यातून सुटण्याची तळमळ कोठून असणार?

तथापि हे ग्रंथ सुखाच्या दिवसांत लिहिले गेले, असे कोणी समजू नये. चीनच्या इतिहासात तो ‘युध्यमान राज्यांचा काळ’ (इ. स. पू. ४७५ ते २२१) म्हणून ओळखला जातो. राज्ये एकमेकांना गिळत होती, शेतकरी करांखाली आणि सक्तीच्या सैन्यभरतीखाली भरडला जात होता. ‘ताओ ते चिंग’मध्ये याचे पडसाद स्पष्ट आहेत. सैन्याचा तळ पडला त्या भूमीत काटेरी झुडपे माजतात, असे हा ग्रंथ बजावतो. प्रजा उपाशी का, या प्रश्नाचे त्याचे उत्तर असे की, वरचे लोक कराच्या रूपाने फार खातात. युद्धातील विजय हा उत्सवाचा नव्हे, तर अंत्यसंस्काराचा प्रसंग मानावा, असेही तो सुचवतो. दुःखाकडे डोळेझाक करणाऱ्याची ही वाणी नव्हे.

मग हे दुःख येते कोठून? येथेच ताओ विचाराचे वेगळेपण दिसते. ‘ताओ’ म्हणजे मार्ग. ऋतू फिरतात, पाणी उताराकडे वाहते, अंकुर आपल्या वेळी जमिनीबाहेर येतो. या साऱ्यांतून निमूटपणे वाहणारा, नावात न मावणारा तो मार्ग. तो मुळात कडू नाही. कडूपणा येतो तो माणसाच्या ओढाताणीतून, अधिक हवे या हावेतून, निसर्गावर आणि परस्परांवर केलेल्या जबरदस्तीतून. पुरे कधी म्हणावे हे न कळणे, यासारखी आपत्ती नाही, असे लाओ-त्सेचे मत आहे. त्याचा उपाय म्हणून तो ‘वू-वेइ’ सांगतो. शब्दशः अर्थ ‘न करणे’. आशय आळसाचा नव्हे, तर बळजबरी सोडण्याचा. बौद्ध साधक पैलतीराची भाषा बोलतो, तर ताओचा साधक परतण्याची. त्याला जगाबाहेर जायचे नाही, जगाच्या मूळ लयीत परत यायचे आहे.

यावर कोणी म्हणेल की, याच ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात देहालाच मोठ्या संकटांचे कारण म्हटले आहे. खरे आहे. परंतु त्याच प्रकरणाचा शेवट देहाच्या तिरस्कारात होत नाही. जो आपल्या देहाइतकीच जगाची काळजी वाहील, त्याच्या हाती जग सोपवावे, असा त्याचा रोख आहे. ज्याला देह नकोसा झाला आहे, तो असे बोलणार नाही.

च्वांग-त्सेच्या ग्रंथातील एक कथा याहून अवघड आहे. प्रवासात त्याला वाटेवर एक कवटी दिसते. लोभाने मेलास की उपासमारीने, असे तो तिला विचारतो आणि रात्री तिलाच उशाशी घेऊन झोपतो. स्वप्नात कवटी बोलते : मृतांच्या जगात राजा नाही, प्रजा नाही, ऋतूऋतूंचे कष्ट नाहीत. तुला पुन्हा देह, आईबाप, बायकामुले मिळवून दिली तर, असे त्याने विचारताच ती कपाळाला आठ्या घालते. राजालाही न लाभणारे हे सुख टाकून माणसाच्या कष्टांत कशाला परतू, असा तिचा सवाल आहे. हे ऐकून जग दुःखमय आहे, हीच शिकवण कोणालाही वाटेल.

परंतु त्याच ग्रंथात दुसरी कथा आहे. छू देशाचा राजा च्वांग-त्सेला मंत्रिपद देऊ करतो. नदीकाठी गळ टाकून बसलेला च्वांग-त्से मागे वळूनही न पाहता दूतांना विचारतो की, देवघरात पेटीत जपून ठेवलेल्या पवित्र कासवाला काय आवडले असते. मेल्यानंतर त्याच्या कवचाची पूजा व्हावी हे, की जिवंत राहून चिखलात शेपूट ओढत फिरावे हे? चिखलात फिरणे, असे दूत म्हणतात. मग मलाही चिखलातच राहू द्या, असे तो सांगतो. जगाला कंटाळलेल्या माणसाचे हे उत्तर नाही. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या म्हणजे रहस्य उलगडते. कवटी जीवनाचा धिक्कार करण्यासाठी बोलत नाही. जीवन तेवढे चांगले आणि मरण तेवढे वाईट, हा आपला घट्ट समज ती सैल करते. कवटीची कथा ज्या अध्यायात येते, त्याचे नावच मुळी ‘परमसुख’ अशा अर्थाचे आहे.

पुढील शतकांत ताओ मताला धर्मसंस्थेचे रूप आले. परंपरेनुसार इ. स. १४२ मध्ये चांग ताओ-लिंग याने पहिला संघटित पंथ स्थापला. या धर्माची मोठी ओढ दीर्घायुष्याची आणि अमरत्वाची होती. श्वसनाचे अभ्यास, आहाराचे नियम, औषधी वनस्पती, किमया हे सारे त्यासाठी. जीवन हेच दुःख असते, तर ते लांबविण्यासाठी इतका खटाटोप कोणी केला असता? तरीही येथे एक अपवाद नोंदविला पाहिजे. बौद्ध मताच्या सहवासात नरकयातना, कर्मफल, पुनर्जन्म या कल्पना ताओ धर्मातही शिरल्या. बाराव्या शतकात वांग छोंग-यांग याने स्थापलेल्या छ्वानचन पंथात मठवासी संन्यास आला आणि घरप्रपंचाला बंधन मानणारी भाषाही आली. म्हणून सरसकट उत्तर देणे बरोबर नाही. मूळ विचारात जग दुःख नाही. उत्तरकालीन काही पंथांत मात्र तो सूर ऐकू येतो.

आता त्या प्रश्नाकडे वळू, ज्यासाठी हा सारा ऊहापोह केला. जग मुळात चांगले आणि मरण हा ऋतुपालट, असे म्हटल्यावर रडणाऱ्याचे काय?

च्वांग-त्सेची पत्नी वारली. त्याचा मित्र हुइ-त्से सांत्वनाला आला, तेव्हा हा पाय पसरून, भांडे बडवीत गात बसला होता. जिने तुझ्याबरोबर आयुष्य काढले, मुले वाढविली, तिच्यासाठी रडत नाहीस ते नाहीस, वर गातोस, हे फार झाले, असे मित्र म्हणाला. च्वांग-त्सेने सांगितले की, ती गेली तेव्हा त्यालाही इतरांसारखेच दुःख झाले होते. मग त्याने तिच्या जन्मापूर्वीचा विचार केला. काहीच नव्हते, त्यातून प्राण झाला, देह झाला, जीवन झाले. आता आणखी एक पालट झाला, जसे ऋतू पालटतात. विश्वाच्या विशाल दालनात ती शांत निजली असता आक्रोश करीत राहणे त्याला अज्ञानाचे वाटले.

या कथेतील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली अशी की, च्वांग-त्सेला आधी दुःख झाले आहे. त्याची शांती शोकाला वळसा घालून आलेली नाही, शोकातून चालत आलेली आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तो हे स्वतःच्या शोकाविषयी बोलतो आहे. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन तो भांडे बडवीत नाही. ‘हा तर ऋतुपालट आहे’ हे वाक्य ज्याचे त्याने आपल्या जखमेविषयी म्हणावे. ज्या मातेचे मूल गेले, तिला ते ऐकवणे म्हणजे शहाणपणाच्या नावाखाली केलेली क्रूरता होय. आपणही शोकगृही ‘देवाची इच्छा’ म्हणून लगेच मोकळे होतो, तेव्हा हीच चूक करीत असतो. लाजरसाच्या कबरीपाशी प्रभूच्या डोळ्यांत अश्रू आले होते, हे विसरून चालणार नाही.

ताओ विचाराची मर्यादाही येथेच जाणवते. माणसाने निर्माण केलेल्या दुःखाला तो बोट दाखवून नाव देतो : कर, युद्ध, हाव. पण जे दुःख कोणीच निर्माण केले नाही, त्याच्यापुढे तो शांत राहायला शिकवतो, तक्रार करायला शिकवत नाही. ईयोबासारखा आकाशाकडे पाहून ‘का?’ असे विचारणारा माणूस त्याच्या पानांत आढळत नाही, कारण त्या आकाशात उत्तर देणारा कोणी आहे, असे तो म्हणत नाही.

असे असूनही ज्यांनी दोन्ही परंपरा जवळून जाणल्या, त्यांना ताओ विचार परका वाटला नाही. चिनी कायदेपंडित जॉन वू (१८९९ ते १९८६) हे १९३७ साली कॅथलिक झाले. पुढे त्यांनी ‘ताओ ते चिंग’चा इंग्रजी अनुवाद केला. नव्या कराराचे चिनी भाषांतर करताना योहानाच्या शुभवर्तमानारंभीच्या ‘शब्द’ या संज्ञेसाठी त्यांनी ‘ताओ’ हाच शब्द योजिला. ट्रॅपिस्ट संन्यासी थॉमस मर्टन यांनी त्यांच्याच साहाय्याने च्वांग-त्सेच्या निवडक भागांची रूपांतरे सिद्ध केली. ते पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे : मूळ ताओ विचार जगाला दुःख मानीत नाही. दुःखाचा मोठा वाटा आपल्याच मुठीत असतो आणि मूठ उघडली तर तो गळून पडतो, असे तो सांगतो. ज्या दुःखाला मूठ उघडूनही उपाय नाही, ते तो मुकाट्याने स्वीकारतो. पहिली शिकवण आपण स्वतःसाठी अवश्य घ्यावी. दुसरी मात्र शेजाऱ्याला देण्याची घाई करू नये. त्याच्याजवळ नुसते बसावे.