सकाळी चालणारा एसी आणि कोठारातलं बी

जुन्या गाडीचा एसी सकाळी झकास गार हवा देतो. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी मात्र तासभर गाडी चालली की तोच एसी नुसता पंखा होऊन बसतो. मालक गाडी गॅरेजला नेतो. तिथे ती बराच वेळ सावलीत उभी राहते, मग मेकॅनिक बटण दाबतो आणि एसी सुरू! ‘आत्ता तर चांगला चालतोय, साहेब.’ दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नाही. पण मग दिसत नाही तेव्हा बिघाड असतो का?

आपल्याकडच्या दार्शनिकांनी हा प्रश्न बियाच्या उदाहरणावर शतकानुशतकं लढवला. शेतात पेरलेल्या बियाला अंकुर फुटतो, कोठारातल्या बियाला फुटत नाही. रत्नकीर्तींसारखे बौद्ध आचार्य विचारत, अंकुराचं सामर्थ्य कोठारातही असेल तर तो तिथेच का उगवत नाही? सामर्थ्य असलेली वस्तू कार्य केल्यावाचून राहत नाही. म्हणून शेतातलं बी कोठारातल्या बियाहून निराळंच. वस्तू क्षणोक्षणी नवी होते. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात बौद्ध मताला सविस्तर उत्तर दिलं. त्यांच्यासारख्या नैयायिकांचं, म्हणजे न्यायशास्त्राच्या आचार्यांचं, म्हणणं असं, की बी तेच असतं, कोठारात माती, पाणी, ऊब हे सहकारी नसतात. कार्य घडायला कारणांची सगळी सामग्री जुळावी लागते.

बॉनेट उघडून पाहिलं, तर उदयनाचार्यांची बाजू भक्कम वाटते.

कॉम्प्रेसरच्या पुलीवर मॅग्नेटिक क्लच असतो. बटण दाबलं की कॉइलमध्ये वीज जाते, चुंबक तयार होतो, समोरची लोखंडी प्लेट पुलीला चिकटते आणि मगच कॉम्प्रेसर फिरतो. एरवी त्या दोहोंत बहुतेक गाड्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट असते. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. सकाळची गार कॉइल वाढलेल्या फटीतूनही प्लेट ओढून घेते. दुपारी इंजिनच्या धगीने तीच कॉइल शंभर अंशांच्या घरात जाते. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ३० अंशांवरून १०० वर जाताना तो जवळजवळ सव्वापट होतो. बॅटरीचा दाब तोच, त्यामुळे प्रवाह घटतो, चुंबकाची ओढ त्याहूनही जास्त घटते. प्लेट जागची हलत नाही. फट सकाळीही तेवढीच होती, फक्त उष्णता आलेली नव्हती.

आता ‘गॅस भरून घ्या’ या सल्ल्याकडे पाहू. एसीचं चक्र बंदिस्त असतं, त्यातला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. तरीही गॅस भरून गाडी बाहेर काढली की संध्याकाळी एसी छान चालतो, कारण गॅरेजमध्ये उभी राहून कॉइल गार झालेली असते. श्रेय मात्र गॅसला जातं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं हे. न्यायशास्त्र अन्वयाबरोबर व्यतिरेकही तपासायला लावतं: कारण असताना कार्य घडतं का, आणि कारण नसताना ते टळतं का? म्हणून एसी चालला ती वेळही पुरावाच. सिग्नलला उभं राहिल्यावर गारवा जातो आणि हायवेला लागताच परततो, तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर. हवेचा झोतच हळूहळू मंदावतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पूर्ववत होतो, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असणार. रिले, सेन्सर, कॉम्प्रेसर एकदम बदलणं हा तर ज्ञानावरच केलेला अन्याय आहे. गाडी सुधारते, पण का सुधारली हे कायमचं हरवतं.

खरा शोध दुपारीच घ्यावा लागतो. एसी बंद पडला त्या क्षणी क्लचच्या वायरला टेस्ट लॅम्प लावायचा. दिवा लागतो आणि प्लेट हलत नाही, म्हणजे वीज पोचली आहे, ओढ कमी पडते आहे. मग इंजिन गार करून फीलर गेजने फट मोजायची, ती कमी करण्यासाठी मधली एक शिम, म्हणजे पातळ चकती, काढायची आणि तशाच उन्हात गाडी पुन्हा तासभर चालवून बघायची. या वेळी प्लेट ओढली गेली, तर व्यतिरेकही हाती आला.

बौद्धांचं म्हणणं मात्र तेवढ्याने संपत नाही. प्लेट दर वेळी चिकटताना किंचित घासली जाते, म्हणजे दुपारची प्लेट अगदी सकाळचीच नसते. काही क्लचमध्ये तर एकच शिम असते. ती काढून झाल्यावर फट पुन्हा वाढली, तर प्लेटच नवी बसवावी लागते.