शरीर

उर्दूत खट्याळ, दुष्टाव्याकडे झुकणाऱ्याला 'शरीर' म्हणतात. मराठीत शरीर म्हणजे देह. उच्चार जवळजवळ सारखाच. वर्गात हा शब्द मी दिवसातून दहा वेळा वापरते, आणि अलीकडे तो तोंडातून निघाला की मला मामूंची चांदनी आठवते.

चांदनी वरातीची पांढरी घोडी. मामूंचे घर तिच्यावर चाले. 2011 साली मी बी.एड. करत होते, तेव्हाची गोष्ट. चातुर्मासात लग्ने नसतात, त्यामुळे घोडी चार महिने खुंट्यालाच होती. हंगामात ती भरलेली, तकतकीत दिसावी म्हणून मामूंनी भिजवलेले हरभरे, जव, गूळ कशालाच हात आखडता घेतला नाही. तुळशीचे लग्न झाले आणि पहिली वरात आली. अर्ध्या वाटेत घोडी थांबली. मागचे पाय ताठ, अंगावरून घामाच्या धारा. वर नवरदेव, पुढे ताशा, मागे वऱ्हाडी ओरडताहेत. "शरीर हो गई है," असे म्हणत मामूंनी चाबूक चालवला. ती चार पावले गेली, पुन्हा थांबली. रात्री तिला काळ्या चहासारखी लघवी झाली.

सकाळी पशुवैद्य आले. पुठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "दाबून बघा, दगड झालाय. हिला आता एक पाऊलही चालवू नका." विलायतेत पूर्वी याला सोमवारचा रोग म्हणत. गाडीचे घोडे रविवारी पूर्ण दाणा खाऊन उभे राहात आणि सोमवारी कामाला जुंपले की आखडून जात. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातला रंग लघवीत उतरतो, मूत्रपिंडालाही धोका होतो. 2008 साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा काही घोड्यांमध्ये, स्नायूंत साखर साठवण्याच्या कामाशी निगडित असलेल्या जनुकातच दोष असल्याचे दाखवून दिले. प्रत्येक घोड्यात कारण तेच असते असे नाही. चांदनीचे कोणते, हे आम्ही कधी तपासले नाही. उपाय मात्र साधा निघाला. हरभरा-गूळ बंद, वाळलेले गवत जास्त, ताकदीसाठी थोडे थोडे वाढवत तेल, आणि बरी झाल्यावर रोजचे चालणे, ईदच्या दिवशीही. त्या वर्षी बकरी ईदची नमाज होताच मामू नव्या कपड्यांनिशी घोडी फिरवायला गेले होते, असे मी लिहिले तर ते खोटे ठरेल, कारण ती ईद आजाराच्या आधी होऊन गेली होती. पण पुढच्या वर्षी ते खरोखर गेले.

मामू म्हणत, "मला ठाऊक नव्हते, बेटा. अजाणतेपणी झाले." अजाणतेपणाला माफी असते, हे मीही मानते. तरीही माझे मन तेथे अडते. रोगाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते हे खरे. पण घाम त्यांनी पाहिला होता, ताठलेले पाय पाहिले होते. मुक्या जनावराला जेवढे सांगता येते तेवढे तिने सांगितले होते. 'शरीर' हा शब्द आधीच हाताशी होता, म्हणून पुढे पाहण्याची गरज त्यांना वाटली नाही. आणि गरज वाटली असती तरी सवड कुठे होती? वरात रस्त्यात उभी, पैसे मिळणार की नाही याची धास्ती. पन्नास मुलांच्या वर्गात पाढे म्हणायला न उठणाऱ्या मुलाकडे पाहताना माझी स्थिती फार वेगळी नसते. फक्त माझ्या हाती चाबूक नाही.

यापुढची गोष्ट मला जास्त छळते. दुखणे आटोक्यात आले, पण चांदनी बदलली. तंग दिसला की दात काढी, खरारा पुठ्ठ्यावर आला की लाथ झाडी. दुखत नव्हते, दुखल्याची आठवण होती. शिवाय दात काढले की खोगीर दूर जाते, हेही ती शिकली होती. आता ही खरोखरीची खोड झाली, आणि ती आम्ही लावलेली. एके दिवशी नालबंदाच्या गुडघ्यावर लाथ बसली. घोडीची बाजू समजून घेतल्याने त्याची सूज उतरणार नव्हती. औषधपाण्याचा खर्च मामूंनी दिला आणि घोडीला मारले नाही. मात्र त्या दिवसापासून पोरांना तिच्या मागे उभे राहू दिले नाही. कित्येक आठवडे ते खोगीर नुसते पाठीवर ठेवत, तंग न आवळता उतरवत आणि मूठभर गवत देत. ती बरीच निवळली, पूर्ण नाही.

2013 मध्ये दुसऱ्या तालुक्यातून एक गिऱ्हाईक आले. मामूंवर कर्ज होते. घोडी तेव्हा छान दिसत होती. गिऱ्हाइकाने रिवाजाप्रमाणे विचारले, "काही ऐब?" घरातल्या सगळ्यांचे डोळे मामूंकडे. ऐब लपवून माल विकणे हराम आहे हे आम्ही लहानपणी शिकलो होतो, पण आजाराला ऐब म्हणायचे का, यावर मामी रात्रभर बोलल्या होत्या. मामूंनी आजार सांगितला, खुराक सांगितला, नालबंदाचा गुडघा सांगितला. मग थोडे थांबून म्हणाले, "आणि मी हिला मारले आहे. चाबूक नुसता दाखवू सुद्धा नका."

गिऱ्हाईक चहा घेऊन गेले. पुन्हा आले नाही. मामूंनी संध्याकाळी घोडी फिरवायला काढली.